बोटं आखडतात, मग हातात कुठलं हत्यार पेलवेल?

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये चार पत्रं हातांच्या दुखण्यावरची निघाली, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून त्यांनाच उत्तरं देतोय. मी २८ वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून नोकरी केली, आणि रिटायर झाल्यावर माझ्याच उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न : साहेब नमस्कार, मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, वय ७१. पूर्वी धंद्याची रोकड घेऊन भिवंडीहून रात्रीचं यायला लागायचं म्हणून १९९६ साली लायसन्स काढलं, तेव्हापासून .३२ बोअरचं कानपूरचं रिव्हॉल्वर आहे. आता धंदा मुलगा बघतो. माझे दोन्ही अंगठे मुळाशी सुजलेत, डॉक्टर म्हणतात सांधे झिजले, आणि बोटंही सकाळी आखडलेली असतात. मध्ये रेंजवर गेलो तर ट्रिगर अर्ध्यातच अडकला, म्हणजे हत्यार ठीक होतं, माझं बोटच पुढे जाईना. दुकानदार म्हणतो हे विका आणि टायटॅनियमचं हलकं घ्या, मित्र म्हणतो पिस्तूल घे त्याचा ट्रिगर हलका असतो. मी काय करू?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : साहेब, आधी दुकानदाराचं बघू, कारण तो सल्ला ऐकताक्षणी पटतो आणि तिथेच गडबड होते. हलकं हत्यार उचलायला सोपं हे खरंच आहे, पण तुमची तक्रार उचलण्याची नाहीच, ट्रिगर ओढण्याची आणि धक्का सोसण्याची आहे. काडतूस तेच, त्यातली दारू तेवढीच, मग हत्यार जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त, आणि तो बसतो कुठे तर अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात, म्हणजे तुमचा सांधा जिथे दुखतोय बरोबर तिथे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर २०१४ ला आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण अर्ध्या किलोचं, आणि पर्समध्ये मावावं हा त्याचा हेतू होता. ज्याचे हात धडधाकट आहेत त्याला ते सोयीचं पडेल. तुमच्याकडचं जुनं त्यापेक्षा जड आहे आणि तुमच्यासाठी ते जडपण चांगलं आहे, पैसे देऊन ते कमी करू नका. त्याच्या मुठीवर जाड रबराची ग्रिप बसवून घ्या, मूठ भरली की पकड कमी आवळावी लागते आणि धक्का तळहातभर पसरतो.

आता ट्रिगर. रिव्हॉल्वरचा ट्रिगर सरळ ओढला की तो एका ओढीत सिलिंडर, म्हणजे काडतुसं ठेवायचं गोल चाक, फिरवतो, घोडा, म्हणजे काडतुसाला ठोका देणारा मागचा हॅमर, मागे नेतो आणि सोडतो, एवढं सगळं एका बोटाच्या जोरावर, म्हणून त्याला साडेचार-पाच किलोच्या आसपास ताकद लागते, काही नगांना त्याहून जास्त. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर तोच ट्रिगर दीड-दोन किलोवर येतो. बरेच जण म्हाताऱ्या माणसाला हाच उपाय सांगतात की आधी घोडा चढवा आणि मग हलकेच ओढा. कागदावर बरोबर आहे. पण घोडा चढवायचा कशाने, तर अंगठ्याने, आणि अंगठ्याचं गणित असं आहे की टोकाला चिमटीत एक किलो जोर लावला तर मुळाच्या सांध्यावर जवळपास बारा किलो भार येतो, म्हणून तर बरणीचं झाकण उघडताना मनगटाजवळ कळ येते. डाव्या हाताच्या अंगठ्याने चढवता येईल तुम्हाला, दोन हातांनी धरलेलं असताना, तेवढं जमतं. मला भीती आहे ती पुढची. घोडा चढवला, आणि मग कळलं की दारात आपलाच नातू उभा आहे, आता तो घोडा खाली उतरवायचाय. त्यासाठी अंगठ्याने घोडा धरून ठेवायचा, ट्रिगर ओढायचा आणि घोडा हळूहळू खाली सोडायचा, आणि ज्या अंगठ्यात दम नाही तो नेमका याच वेळी सुटतो. अंगठा सुटला की गोळी सुटली. तुमच्या हातांना चढवलेला घोडा हा मी उपाय समजत नाही, तुम्हीही समजू नका.

म्हणून दुकानात जायच्या आधी घरी एक गोष्ट करा. विमानाच्या बॅगा तोलायला जो छोटा हुकवाला डिजिटल काटा मिळतो तो आणा, एका टोकाने दाराच्या कडीला अडकवा, दुसऱ्या टोकाला ट्रिगर ओढायचं बोट घाला आणि फक्त त्या बोटाने ओढा, झटका न देता. काट्यावर आकडा येईल. हे आठवडाभर करा, पण दुपारी करू नका, सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, आणि एकदा रात्री लघवीला उठाल तेव्हा. सांधे झिजलेल्या माणसाची बोटं सकाळी दहा-वीस मिनिटांत सुटतात, आमवात असेल, डॉक्टर ज्याला आरए म्हणतात तो, तर तास-तासभर सुटत नाहीत. दुकान अकरा-साडेअकराला उघडतं, तोवर हात मोकळे झालेले असतात, आणि आपण तिथे तीनदा ट्रिगर ओढून बघतो आणि म्हणतो की जमतंय की. चोर काही साडेअकराला येत नाही. तुमचा सगळ्यात वाईट आकडा जो येईल त्याच्या निम्म्याहून जड ट्रिगर घेऊ नये असा माझा हिशोब आहे, कारण पाचवी-सहावी ओढ पहिल्यासारखी नसते आणि घाबरलेला माणूस नीट ओढत नाही. हा माझ्या अनुभवाचा हिशोब आहे, पुस्तकातला नाही.

एक सांगायचं राहिलं, बोट वाकल्यावर अडकतं आणि मग टक् करून सुटतं असं होत असेल तर डॉक्टर त्याला ट्रिगर फिंगरच म्हणतात, त्यावर इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन असतं. ते आधी करून घ्या, त्या बोटावर आजच्या घडीला काहीच ठरवता येणार नाही. आणि डायबेटीस असेल, बोटांची टोकं बधिर वाटत असतील, तर मग जोराचा प्रश्नच उरत नाही, कारण ट्रिगरला बोट टेकलंय की नाही हेच ज्याला कळत नाही त्याने भरलेलं हत्यार हातात घेऊ नये.

ट्रिगर जड वाटतो म्हणून कोणी स्प्रिंग कापून हलकी करून देतो म्हणाला तर देऊ नका. घोड्याची स्प्रिंग नरम केली की काडतुसाच्या बुडाला पुरेसा ठोका बसत नाही आणि गोळी फुटतच नाही. असे कापलेले स्प्रिंग मी नोकरीत किती बदलले असतील त्याला हिशोब नाही.

मित्र म्हणतो ते पिस्तुलाचं. ट्रिगर हलका असतो हे बरोबर, कारण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढतानाच बरंचसं काम झालेलं असतं. म्हणजे जोर लागतोच, फक्त बोटाऐवजी अख्ख्या हाताला आणि एकदम. आपल्याकडे सामान्य माणसाच्या लायसन्सवर ९ एमएम बसत नाही, ते प्रतिबंधित बोअर, म्हणजे मनाई असलेलं नळीचं माप, त्यामुळे पिस्तूल म्हणजे बहुतेक .३२ चं अशनी नावाचं देशी किंवा कोणाचं जुनं विलायती. या जातीच्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड एकमेकांत लॉक होत नाहीत, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच ते बंद राहतं, म्हणून काडतूस लहान असूनही स्प्रिंग कडक असते. लोकांना वाटतं छोटं पिस्तूल सोपं, तर तसं नसतं.

स्लाइड ओढायची एक पद्धत मात्र शिकून घ्या, खूप फरक पडतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइडचा मागचा भाग धरून ओढू नका, सिनेमात दाखवतात तसं. पिस्तूल पोटाजवळ आणा, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, डावा तळहात वरून पालथा घालून चारही बोटांनी स्लाइड मुठीत धरा आणि ती मूठ जागेवरच ठेवून उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. ढकलायला खांदा आणि पाठ येते, बोटांवर काही येत नाही. माझा अंगठा गेल्यापासून मी असंच करतो. नळीपुढे डाव्या हाताचं काही येत नाही ना एवढं दर वेळी बघायचं.

आणि आता मला खरं जे विचारायचंय ते. साहेब, तुम्ही, दुकानदार आणि मित्र, तिघांनीही गोळी झाडता येईल का एवढंच बघितलं. रिकामं करता येईल का हे कोणीच विचारलं नाही. मी ६३ वर्षांचा असताना एकदा रेंजवर कोणाला तरी पिस्तूल दाखवत होतो, सकाळची वेळ, स्लाइड अर्धी मागे गेली आणि अंगठ्यातून निसटली, राउंड, म्हणजे काडतूस, वाकडा होऊन अडकला, आणि तो काढायला मी इतका जोर करत होतो की नळी हळूहळू डावीकडे वळत शेजारच्या लेनमधल्या मुलाकडे गेली आणि मला कळलंही नाही. ओरडला तो, मी नाही. काही झालं नाही, पण मी ते पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि त्या दिवशी परत उचललं नाही. कमजोर हाताचे अपघात झाडताना कमी होतात, भरताना, अडकलेलं काढताना आणि रिकामं करताना जास्त होतात, कारण तेव्हा आपलं सगळं लक्ष जोर लावण्यात असतं आणि नळीकडे कोणाचं नसतं.

या बाबतीत रिव्हॉल्वर तुमच्या बाजूचं आहे. तुमचं कानपूरचं मधून मोडून उघडतं, खटका दाबायचा आणि नळी खाली झुकवायची की काडतुसं आपोआप वर येतात, भरलंय की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. खटका कडक वाटत असेल तर आर्मररकडून साफ करून तेल घालून घ्या, ठाण्याच्या हवेत गंज धरतोच, आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. २०२३ ला कानपूरहूनच प्रबल आलंय, ६७५ ग्रॅमचं, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो आणि दांडी तळहाताने दाबून काडतुसं बाहेर काढायची, काहींच्या अंगठ्याला ते जास्त बरं पडतं. पण ट्रिगर तिथेही एका बोटानेच ओढायचाय, म्हणून रिकामं प्रबल हातात घेऊन दहा वेळा ओढून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. रिकाम्या हत्याराची प्रॅक्टिस करायची तर डमी, म्हणजे नकली, राउंड घालून करा.

माझं मत विचाराल तर काट्यावर सकाळचा आकडा दहा किलोच्या वर आला तर आहे तेच ठेवा, ग्रिप बदला, साफ करून घ्या. पाच-सहा येत असेल तर नवीन हत्यारावर एक रुपया घालू नका. तुमच्यासाठी कायद्यातच एक वाट आहे जी फार लोकांना माहीत नसते. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्सवाल्याचं वय ७० झालं किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, दोन्हीतलं जे आधी होईल ते, की तो हयातीतच आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो आणि वारसाला त्या हत्यारासाठी लायसन्सचा अर्ज करता येतो. तुमच्या बाबतीत दोन्ही झालंय. मुलाला सुरक्षिततेचं ट्रेनिंग घ्यावं लागेल, शरीर-मन ठीक असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल, अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयात. आणि बाहेर कोणाला विकायचंच ठरवलंत तर लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, दुकानदाराने घाई केली तरी हे लक्षात असू द्या. ३० वर्षं सांभाळलेली वस्तू हातातून देताना वाईट वाटतं, मला ते कळतं, माझं मी मुलीच्या नावे करायला घातलं तेव्हा दोन रात्री झोपलो नाही. पण ती आता ते माझ्यापेक्षा नीट रिकामं करते हे मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रश्न : काका, मी खारघरला राहते. माझी आई ६६ वर्षांची, ग्रीन कार्डवर टेक्सासला भावाकडे असते, तिला आमवात आहे, बोटं थोडी वाकडी झालीत. भाऊ-वहिनी कामाला गेले की ती दिवसभर एकटी, घर एकदम कडेला आहे, म्हणून भावाने तिच्यासाठी एक छोटंसं खिशात मावणारं पिस्तूल घेतलं. आईला त्याची स्लाइड हलतच नाही आणि ती फोनवर मला सांगते की भाऊ रोज भरून ठेवतो आणि मला हात लावायची भीती वाटते. तिकडे सोपं असं काही मिळतं का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : ताई, भावाची काळजी खरी आहे पण वस्तू उलटी निवडली गेली. छोट्या पिस्तुलाची स्लाइड आखूड असते, धरायला जागा कमी, स्प्रिंग आखूड आणि कडक, आणि हलकं असल्यामुळे धक्का जोरात. आमवाताच्या हाताला त्यापेक्षा मोठं, जरा जड पिस्तूल खरंच सोपं जातं.

तिकडे असंख्य प्रकार मिळतात, म्हणून नावानिशी सांगतो. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये .३८० काडतुसाचं शील्ड ईझी नावाचं पिस्तूल काढलं ते मुद्दाम कमी जोराच्या हातांसाठीच. त्याची स्लाइड खरंच हलकी सरकते, मागच्या बाजूला बोटं अडकवायला उंचवटे आहेत, आणि मॅगझिनला, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीला, बाजूला एक बटण आहे, ते खाली दाबून धरलं की राउंड सहज आत जातात, नाहीतर मॅगझिन भरतानाच अंगठ्याचा जीव जातो. पुढे त्याचंच ९ एमएम आलं, त्याचा धक्का जास्त, आईसाठी .३८० च बघा. एक अडचण आहे. त्याच्या मुठीच्या मागे एक सेफ्टी असते, ती तळहाताने पूर्ण दाबली गेली तरच गोळी सुटते, आणि बोटं वाकडी झालेल्या हाताची पकड कधी कधी तिरकी बसते, मग ती दाबली जात नाही. तेव्हा आईच्याच हाताने बघायला हवं.

दुसरी जात म्हणजे नळी वर उघडणारी, बेरेटाचं टॉमकॅट त्यातलं, .३२ चं. एक खटका दाबला की नळीचं मागचं टोक वर येतं, राउंड सरळ नळीत ठेवायचा, बंद करायचं, स्लाइड ओढायचं कामच नाही. रिकामं करतानाही मॅगझिन काढायचं, नळी उघडायची आणि राउंड काढून घ्यायचा. भरण्या-काढण्यासाठी आईच्या हातांना यापेक्षा सोपं मला काही दिसत नाही. मात्र हे आकाराने लहान आहे आणि पहिल्या गोळीचा ट्रिगर लांब आणि जड आहे, रिव्हॉल्वरसारखा, म्हणजे मघाशी नौपाड्याच्या साहेबांना सांगितलेला बॅगांचा काटा इथेही लागणारच. .२२ ची पिस्तुलं धक्क्याला सगळ्यात सौम्य, स्लाइडही हलकी, पण त्या काडतुसाचा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि ते न फुटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त, आणि न फुटलं की परत स्लाइड ओढणं आलं. .२२ चं रिव्हॉल्वर घ्या असंही कोणी सांगेल, पण त्या कडेला ठोका जोरात लागतो म्हणून त्याचा ट्रिगर बहुतेक वेळा मोठ्या बोअरपेक्षाही जड असतो.

तिकडच्या बऱ्याच रेंजवर भाड्याने पिस्तूल देतात. भावाला सांगा की आईला सकाळी लवकर, औषधाच्या गोळ्या घ्यायच्या आधी घेऊन जा, तीन-चार वेगळी हातात दे, आणि तू मध्ये मदत करू नकोस. भरणं, झाडणं, अडकलेलं काढणं, रिकामं करणं, सगळं तिने एकटीने. जे तिला एकटीला रिकामं करता येत नाही ते घरात तिच्या नावाने ठेवू नये. तो रोज भरून ठेवतो आणि तिला ते उघडता येत नाही, ही आत्ताची व्यवस्था सगळ्यात धोक्याची आहे, ती आजच बंद करायला सांगा.

आणखी एक, तुमच्या आईचं ग्रीन कार्ड आहे म्हणून ठीक, पण तुमच्या ओळखीत कोणाचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर सहा महिने जात असतील तर त्यांना सांगून ठेवा की त्या व्हिसावर तिकडच्या केंद्रीय कायद्याने बंदूक-पिस्तूल बाळगता येत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे दोन-चार अपवाद सोडले तर. मुलगा प्रेमाने हातात देईल आणि अडकतील ते.

आणि ताई, आईला भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय, ती भीती समजावून घालवायच्या मागे लागू नका. तिला नको असेल तर नको. दाराला चांगलं कुलूप, शेजारणीचा नंबर, गळ्यात बटण घालायची अलार्मची सोय, हे तिच्या हातांना आज जमणारं आहे.

प्रश्न : सर, मी ऐरोलीची, वय ५८, नुकतीच रिटायर झाले. राही सरनोबतला २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड मिळालं तेव्हापासून मनात आहे की एकदा पिस्तूल शूटिंग शिकायचं. पण माझ्या बोटांचे पेर सुजतात आणि कणीक मळतानाही दुखतं. घरचे हसतात. या वयात या हातांनी जमेल का, आणि लायसन्स लागेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : जमेल, आणि घरच्यांना हसू द्या. तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला. १० मीटर एअर पिस्तूल हा असा प्रकार आहे की तो कमजोर बोटांवर रागावत नाही. मॅचच्या नियमात ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे अर्धा किलो, मघाच्या रिव्हॉल्वरच्या दहावा हिस्सा. धक्का जवळपास नाहीच. .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तूलला लायसन्स लागत नाही.

तुम्हाला जड जाईल ते पिस्तूल एका हाताने पेलणं. नियमाने ते दीड किलोपर्यंत असू शकतं, बरीचशी किलोच्या आसपास असतात, आणि हात लांब करून साठ गोळ्या म्हणजे खांदा बोलायला लागतो. सुरुवातीला क्लबमध्ये टेबलावर टेकवून नेम शिकवतात, तसंच शिका, लाज बाळगू नका. विकत घ्यायची घाई करू नका, आणि घ्याल तेव्हा स्प्रिंगचं किंवा दर गोळीला दांडा ओढून हवा भरायचं घेऊ नका, ते स्वस्त असतं पण साठ वेळा दांडा ओढणं म्हणजे तुमच्या हातांचं वाटोळं. सिलिंडरमध्ये आधीच हवा भरलेलं, ज्याला पीसीपी म्हणतात, ते घ्या, त्यात एक छोटी खिटी उघडून छर्रा ठेवला की झालं. सिलिंडर फिरवून काढायला आणि भरायला मात्र कोणाची तरी मदत घ्या. त्याची लाकडी मूठ प्रत्येकाच्या हाताप्रमाणे घासून, पुटी लावून बसवतात, तुमच्या सुजलेल्या पेरांना जागा सोडून बसवून घ्या आणि हे सूज असलेल्या दिवशी करा, नाहीतर बरं असलेल्या दिवशीची मूठ वाईट दिवशी टोचते.

शिकायला ठाणे-नवी मुंबईत बरेच क्लब झालेत, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे पण ऐरोलीहून रोज ते जमणार नाही, जवळचं बघा. जायच्या आधी हात कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, वॅक्स बाथ, म्हणजे कोमट मेणात हात बुडवायची सोय, मिळत असेल तर उत्तम, आणि दुखायला लागलं की थांबा, मोजून ठेवलेल्या गोळ्या संपवायच्याच असा हट्ट धरू नका. पहिला पेपर टार्गेट मला फोटो काढून पाठवा, मी वाट बघतोय.

प्रश्न : मिस्टरांच्या नावावर रिव्हॉल्वरचं लायसन्स आहे. त्यांना पॅरालिसिस झाल्यापासून उजवा हात चालत नाही. कपाटाची चावी माझ्याकडेच असते. वेळ पडली तर मी वापरलं तर चालतं का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : नाही ताई. लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही, नवरा-बायको असलात तरी. तुमच्याकडे स्वतःचं लायसन्स नसताना ते तुमच्या ताब्यात असणं हाच आर्म्स ॲक्टखाली गुन्हा होऊ शकतो, मग वापरणं तर लांब. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे, भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत तो आहे, पण त्याने लायसन्सची जागा भरून निघत नाही.

चावी हा शब्द वाचून मला काळजी वाटली म्हणून स्पष्ट लिहितो. मिस्टरांकडून, सही जमत नसेल तर अंगठा घेऊन, हत्यार जमा करायचा अर्ज लिहून घ्या आणि आधी पोलीस स्टेशनला फोन करून विचारा की आणून देऊ की कोणी घ्यायला येतंय, म्हणजे तुम्हाला एकटीला ते पिशवीत घालून रस्त्याने न्यायची वेळ येणार नाही. लायसन्सवाल्या डीलरकडेही जमा ठेवता येतं, तो भाडं घेतो. काडतुसं मोजून द्या, लायसन्सवरच्या आकड्याशी जुळवून बघा, आणि पावतीवर हत्याराचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून वाचा. तुम्हाला स्वतःला हवं असेल तर पुढे तुमच्या नावाने अर्ज करता येईल, तेव्हा वर लिहिलेला बॅगांचा काटा तुम्हीही आणा.